वजाबाकीतले काका

मित्रांनो, पाय पुसून आत या आणि जरा माझ्यावर उभे राहा. घाबरू नका, मी चावत नाही. ती खोड फक्त माझ्या गिऱ्हाइकांना आहे. मी प्राण्यांच्या दवाखान्यातला जुना वजनकाटा आहे. खाली लोखंडी पाट, वर उभा खांब आणि खांबावर ताटाएवढी गोल तबकडी. तबकडीत एक तांबडी सुई आहे. माझे जे काही बोलणे असते, ते तिच्यातूनच.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यावर पहिल्यांदा दहा किलोचे माप ठेवले तेव्हा सुई बरोबर दहावर जाऊन थांबली. मिस्त्री म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढले. पुढे एका मालगोदामात लागलो. अकरा वर्षे पेट्या, पिंपे आणि गाठोडी तोलली, आणि तिथेच मला एक खोड जडली. आत काय आहे, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. चाळीस किलो भरले, पण चाळीस किलो कशाचे? पुस्तकांचे की भांड्यांचे? हमाल वजन लिहून पेटी उचलून न्यायचे आणि मी आपला विचार करत बसायचो. कोणी कधी उघडून दाखवली नाही.

गोदाम बंद पडले तेव्हा इथल्या डॉक्टर मला घेऊन आल्या. बाई बोलतात हळू, पण हात लावला की दांडगा कुत्राही गप्प होतो. पहिल्याच दिवशी एक कुत्रा माझ्यावर उभा राहिला आणि माझी सुई थरथरू लागली. मला वाटले, संपले, आपण बिघडलो! पण तो फक्त श्वास घेत होता. पेट्यांनी असे कधी केले नव्हते. मी तर हरखूनच गेलो.

माझ्या समोरच्या भिंतीवर एक फळा आहे. दर ऋतूत डॉक्टर त्यावर नवी माहिती लिहितात आणि वहिनी ती बाकावरच्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवतात. वहिनी म्हणजे डॉक्टरांच्या मदतनीस. त्या नेमक्या कोणाच्या वहिनी, हे मला अजून कळलेले नाही. उन्हाळ्यात फळा सांगतो, "दुपारी रस्त्यावर तळहात टेकवून पाहा. पाच अंक मोजेपर्यंत धरवत नसेल, तर कुत्र्याला फिरवू नका." पावसाळ्यात सांगतो, "फिरून आल्यावर बोटांमधली जागा कोरडी करा आणि कानामागे गोचीड शोधा." थंडीत सांगतो, "गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा. उबेला मांजर बसलेले असू शकते." माझे सगळे शिक्षण या फळ्यावर झाले. बॉनेट काय असते, ते मात्र मी अजून पाहिलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात शिंपीकाका साहेबांना घेऊन आले. साहेब म्हणजे त्यांचा बोका. काकू गेल्यापासून घरात हे दोघेच. काका शिवणयंत्रावर, साहेब कापडाच्या ढिगावर, असा त्यांचा संसार. साहेबांना माझ्यावर बसणे काही मान्य होईना. ठेवले की उडी, ठेवले की उडी. मग वहिनींनी नेहमीची युक्ती काढली. आधी काका एकटे उभे राहिले, अडुसष्ट. मग साहेबांना कडेवर घेऊन उभे राहिले, शहात्तर. वजा जाता साहेब आठ किलो.

"काका, हा बोका आहे की लोड?" डॉक्टर म्हणाल्या. "खाणं मोजून द्यायचं, आणि दर तीन महिन्यांनी वजनाला आणायचं."

वहिनींनी साहेबांच्या कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले, 'काका ६८'.

पावसाळ्यात दोघे परत आले. बाकावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. काका पायातल्या चपला काढून एकटे चढायला निघाले, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "राहू द्या काका, तुमचं वजन आहे कार्डावर. साहेबांना घेऊन एकदाच चढा." पंचाहत्तर भरले. त्यातून अडुसष्ट गेले, साहेब सात!

डॉक्टरांनी साहेबांचे पोट चाचपले. "हाताला तसं वाटत नाही. पण चला, उतरतंय. शाबास!"

"मोजून वाढतो, डॉक्टर. एक घास जास्त नाही," काका बाकाकडे वळून म्हणाले. त्यांची मान अशी ताठ झाली होती, की जणू त्यांचेच वजन उतरले होते.

आणि खरेच तसे होते, मित्रांनो! साहेबांनी कडेवरून उडी टाकली, तेव्हा क्षणभर काका एकटेच माझ्यावर उरले होते. सुई सदुसष्टावर आली. पण वहिनी कार्ड लिहीत होत्या. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण करतो काय? सुईला सांगता येते. बघा म्हणता येत नाही.

मग थंडी आली. फळ्यावर नवी माहिती आली आणि वहिनींनी ती वाचून दाखवली. "वयस्क मांजर नीट खाऊनही बारीक होत असेल, पाणी फार पीत असेल आणि सारखी लघवी करत असेल, तर थांबू नका. रक्त तपासून घ्या. थंडीत केस दाट होतात, बारीकपण डोळ्यांना दिसत नाही."

काकांनी कान देऊन ऐकले. ऐकता ऐकता पिशवीतली बाटली रिकामी केली, उठून माठातून ती पुन्हा भरली आणि तोंड पुसत म्हणाले, "साहेबांवर लक्ष ठेवायला हवं हं, वहिनी. पाणी पितात बरं का ते!" मग मोरीत जाऊन आले. बसल्यापासून दुसऱ्यांदा.

त्यांचा नंबर आला. साहेबांना घेऊन ते चढले. एकाहत्तर. वहिनींनी कार्ड पाहिले, वजाबाकी केली, पुन्हा केली.

"डॉक्टर, साहेब तीन किलो!"

बाकावर हशा पिकला. साहेबांचे पोट तर काकांच्या हातावरून दोन्हीकडे ओघळत होते.

"तीन किलो?" डॉक्टर बाहेर आल्या. "काटा गेला. जुना झालाय. नवा मागवू या आता."

मित्रांनो, भंगाराची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. मला खोटे ठरवले, तर काकांचा आकडा माझ्याबरोबरच भंगारात जाणार होता.

डॉक्टरांनी कुत्र्यांच्या खाद्याची दहा किलोची बंद गोणी आणवून माझ्यावर ठेवली. मी सारा जीव सुईत आणला. दहा. त्यांनी गोणी उचलून पुन्हा ठेवली. दहा. मग साहेबांना झाकणाच्या टोपलीत कोंबून ठेवले. टोपली वजा करून आठ. साहेब एक तोळाही उतरले नव्हते.

"मग वहिनी," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "हे पाच किलो कोणाचे गेले?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच बोक्याकडे न पाहता बोक्याच्या मालकाकडे पाहिले.

"काका, एकटे चढा बरं."

त्रेसष्ट. तेही अंगात जाड स्वेटर असताना.

"कपडे सैल होतात का?"

"सैल कसे होतील? शिंपी आहे मी! ही पँट तीनदा आत घेतली." काका ऐटीत बोलून गेले, आणि मग स्वतःचेच बोलणे त्यांना ऐकू आले. त्यांनी हातातल्या बाटलीकडे पाहिले. मग फळ्याकडे.

"मी माणसांची डॉक्टर नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण साहेबांचं असं झालं असतं, तर मी आत्ता रक्त घेतलं असतं. समोरच्या दवाखान्यात जा. आत्ताच. वहिनी सोबत येतील."

"आणि साहेब?"

"ते इथेच राहतील."

वहिनींनी काकांची पिशवी घेतली. "मीच म्हटलं होतं ना, राहू द्या म्हणून," एवढेच त्या बोलल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

ती दुपार सरता सरेना. साहेब टेबलाखालून निघाले, दाराशी घुटमळले आणि मग, तुम्हाला खोटे वाटेल, आपणहून माझ्यावर येऊन बसले. दाराकडे तोंड करून. आठ किलो, आणि सुई श्वासाबरोबर थरथरत होती. आत काय आहे, हे त्या दिवशी मला विचारावे लागले नाही.

संध्याकाळी दोघे परतले. काकांच्या रक्तात साखर भलतीच वाढली होती. आणखी महिनाभर कोणाच्या लक्षात आले नसते तर कठीण होते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. औषध सुरू झाले. साहेब आपले काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने काकांच्या पायात घोटाळत होते.

नवा काटा आला नाही. मला रंग मिळाला. फळ्याच्या खाली आता एक ओळ कायमची आहे, कोणत्याही ऋतूत पुसली न जाणारी. "प्राण्याला उचलून आणणाऱ्याचेही वजन दर वेळी नव्याने होईल." वहिनींनी ती स्वतः रंगवली.

परवा काका आले. आधी एकटे चढले. सहासष्ट. वहिनींनी आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि मग लिहिला.

"वहिनी," काका पँटच्या कमरेत बोट घालून म्हणाले, "काल उसवली. श्वास घेता येईना हो!"

साहेब अजून आठच आहेत. शेजारच्या तीन घरी त्यांची पंगत असते, हे आता उघडकीला आले आहे.

मित्रांनो, आपल्या मुक्या सोबत्यांना वेळच्या वेळी वजनाला आणा. त्यांना बोलता येत नाही, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्यांना कडेवर घेऊन जो उभा असतो, त्याला बोलता येत असूनही पुष्कळदा तो काही सांगत नाही. त्यालाही एकदा एकट्याला माझ्यावर उभे करा आणि आकडा वाचायला कोणीतरी समोर थांबा.