कॉलमनची वही

बाबांच्या पुण्यानुमोदनाला, ते ज्याच्या क्लासात शिकवायचे त्या विश्वजीतनं फ्लेक्स आणला. एका कोपऱ्यात बाबांचा ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो, मधोमध मोबाइल कानाला लावलेला विश्वजीत, खाली त्याच्या इंग्लिश स्पीकिंग क्लासचा पत्ता आणि नव्या बॅचची तारीख. यवतच्या विहारासमोर तो बांधताना दोरी कमी पडली, तेव्हा त्यानं मंडपवाल्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

बाबा दौंड स्टेशनात कॉलमन होते. ड्यूटीच्या आधी ड्रायव्हर-गार्डच्या घरी जायचं, दार वाजवायचं, कॉलबुकात सही घ्यायची. रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन माणसं दार उघडायच्या आधीच आतून बोलायची आणि शब्द सुटे करून कुणीच बोलायचं नाही. ‘आय ॲम कमिंग’ बाबांनी तिथं कधी ऐकलं नाही. ‘आयम कमिंग’ ऐकलं. ‘डू नॉट’ नाही, ‘डोन्ट’. निवृत्त झाल्यावर त्यांनी रद्दीत निघालेल्या एका कॉलबुकाच्या कोऱ्या पानांवर हे सगळं उतरवलं. डावीकडे सुटं वाक्य, उजवीकडे जोडलेलं. माणसाशी बोलताना उजवं पान, साहेबाला अर्ज लिहिताना डावं. एवढंच त्यांचं व्याकरण.

त्या वहीवर विश्वजीतचा क्लास सहा वर्षं चालला. टायरच्या दुकानावरची एक खोली, त्यात रांजणगावच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणारी पंचवीस-तीस पोरं. विश्वजीत बॅचच्या पहिल्या दिवशी नारळ फोडायचा आणि शेवटच्या दिवशी फोटोत बसायचा. जोडलेली वाक्यं म्हणजे हमालांची भाषा, असं तो म्हणायचा. पोरं मुलाखतीत पास व्हायला लागल्यावर म्हणायचं थांबला. त्याचे वडील सोसायटीचे चेअरमन असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या इंग्रजीला गावात कुणी हसत नसे.

श्रद्धांजलीला त्यानं माईक घेतला. “खंडू आमच्याकडं हाताखाली होता. मी सांगायचो, तो शिकवायचा.” सतरंजीवर बसलेले विद्यार्थी बाबांना सर म्हणायचे. त्यांनी खाली पाहिलं.

जेवणं झाल्यावर तो घरी आला.

“ताई, ती वही लागंल. पुस्तक काढतोय. ‘विश्वजीत पॅटर्न’. प्रेसवाला थांबलाय.”

“लेखक म्हणून बाबांचं नाव येईल?”

“आभारात टाकू की. शेवटच्या पानावर.”

“मुखपृष्ठावर यायला हवं.”

तो हसला. त्याला खरंच गंमत वाटली होती. “तुम्ही शिकलेल्या, लायब्ररीत काम करता. कव्हरवर खंडू वाचून कुणी हात तरी लावंल का? इंग्लिशचं पुस्तक हाय. खंडू म्हंजी जत्रा आठवती.”

“वही वाचलीत तुम्ही?”

“पाठ हाय. सहा वर्षं माझ्याच क्लासात व्हती ना.”

आईनं मागून माझा दंड धरला. मला शिरूरला परत जायचं होतं. तिला यवतमध्येच राहायचं होतं.

मी वही उघडली. उदाहरणांसाठी बाबा दुसऱ्या कुणाची नावं शोधायला गेले नव्हते. आपलंच काम त्यांनी पानोपानी लिहून ठेवलं होतं. डावीकडे ‘खंडू इज ॲट द डोअर’, उजवीकडे ‘खंडूज ॲट द डोअर’. खंडू इजन्ट लेट. खंडू कान्ट वेट. दीडशे पानं अशीच. मी वही विश्वजीतसमोर उघडी धरली आणि थांबले. पानावरचं नाव त्याला दिसावं इतका वेळ थांबले. त्यानं पानावरून नजर फिरवली.

“अक्षर झकास होतं बिचाऱ्याचं,” तो म्हणाला आणि मोबाइल बघू लागला.

मी वही मिटून त्याच्या हातात दिली. “जसंच्या तसं छापा. एकही शब्द बदलू नका.”

“बदलायचं कशाला? तयार माल हाय.”

जूनमध्ये पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर टाय लावलेला विश्वजीत. आत त्याचं मनोगत, मग आभार. त्यात चुलते, मेहुणे, प्रेसवाला, सगळे होते, बाबा नव्हते. त्यानंतर दीडशे पानं खंडू. मनोगत सोडलं तर त्यानं स्वतःचं पुस्तक उघडलेलं नाही, हे कुणालाही कळलं असतं. त्या गावात हसू दाबणारी माणसं भरपूर, सांगणारं कुणी नाही. मला झालेला आनंद क्षुद्र होता. तरी पुढचे कित्येक दिवस मला तोच पुरला.

जुलैत आईला पेन्शनच्या कागदांसाठी बँकेत नेत होते. टायरच्या दुकानापाशी ती थांबली. वर नवी बॅच चालू होती. आता शिकवायला दुसरं कुणी नसल्यामुळे विश्वजीत स्वतः उभा होता.

“जोरात. पोटातून आवाज काढा,” तो ओरडला आणि पुढचं वाक्य त्यानं आधी स्वतः म्हणून दाखवलं. मग तीस जणांनी म्हटलं, “खंडूज ॲट द डोअर.”

आईला इंग्रजी येत नाही. “तुझ्या बाबांचं नाव घेतायत का?”

“हो.”

“काय म्हनतायत?”

“खंडू दाराशी आलाय, म्हणतायत.”

तिनं वर बघितलं. “एकेरीत?”

“इंग्रजीत सगळ्यांना तसंच म्हणतात, आई.”

“साहेबाला बी?”

“साहेबालाही.”

“मग म्हनू दे,” ती म्हणाली आणि टायरवाल्यानं पुढं केलेल्या स्टुलावर बसली. बँक दोन वाजता बंद होणार होती. मी कागदांची पिशवी घेऊन तिच्याशेजारी उभी राहिले.