ढोल नाव मागतो

माझी नणंद रमिला लग्न होऊन गेली ते अडतीस साल. तिच्या मांडवाचे खांब अजून अंगणात उभे होते आणि त्यातल्याच एकाला पाठ टेकून गोरा साहेब बसला होता. मांडीवर कागद, हातात पेन्सिल. समोर माझे सासरे वेस्ता, ढोल घेऊन. मध्ये जंगल खात्याचा नाकेदार रतिलाल. तो तापीकाठचा माणूस. साहेबाचं मोडकंतोडकं हिंदुस्थानी ऐकायचं आणि ते आम्हाला अहिराणीत सांगायचं, हे काम त्याच्याकडे होतं.

सकाळपासून सासऱ्यांनी लग्नाचा ढोल वाजवला, होळीचा वाजवला. साहेब मान हलवत कागदावर ठिपके काढत होता.

"आते मरणना वाजाड," रतिलाल म्हणाला.

सासऱ्यांनी ढोल खाली ठेवला. "कोन मरनं?"

"कोनी नही मरनं. सायेबले ऐकाना शे."

"मंग नही वाजाडस."

मी दारात उभी होते. माझ्यामागे, आत खाटेवर माझा नवरा रामसिंग हिवतापाने पडला होता. थंडी भरली की खाटेचे पाय जमिनीवर खडखडायचे. ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घराच्या अंगणात मरणाचा ढोल!

रतिलालने साहेबाला सांगितलं. साहेब बराच वेळ बोलला, हातवारे करून.

"काय म्हणस?" सासऱ्यांनी विचारलं.

"म्हणस, भ्यावानं काय शे? तो सोता बाजा रचस. शंभर मानसं त्यान्हा कागद देखीसन वाजाडतस. त्यान्हा देशमा नवीन बाजा काहीच सांगत नही. आवाज म्हनजे आवाज. बस."

सासरे हसले. "काहीच सांगत नही? मंग लोके ऐकाले कसाले जातस? घरमा बायका बोलत नहीत का?"

रतिलालही हसला. मला हसू आलं नाही.

मग सासरे सावकाश म्हणाले, "सायेबले सांग. लगीनना ढोल म्हनस, या. मरणना ढोल बी म्हनस, या. पन मरणना ढोल नाव मांगस."

आमच्या पाड्यात तसंच होतं. तो ढोल वाजला की समोरच्या डोंगरावरची, नाल्यापलीकडची माणसं हातातलं काम टाकून निघायची. कोण गेलं ते त्यांना ठाऊक नसायचं. अंगणात येऊन विचारायची. ढोलवाला नाव सांगायचा आणि मग त्या नावाने रडायचं. नावाशिवाय तो ढोल कधी थांबलेला मी पाहिला नव्हता.

रतिलालने यातलं साहेबाला किती सांगितलं कोण जाणे. रतिलाल स्वतः उठला, दारापर्यंत आला आणि त्याने आत पाहिलं. मग सासऱ्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "पोऱ्याले हिवताप शे ना? सायेबनी पेटीमा कोयनेलन्या गोळ्या शेतस. तू वाजाड, मी मांगी देस."

साहेब चांगला माणूस दिसत होता. नुसत्या मागितल्या असत्या तरी त्याने गोळ्या दिल्या असत्या, असं मला आज वाटतं. पण मागायच्या रतिलालच्या तोंडून होत्या.

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. आत खाट खडखडत होती.

"हळू वाजाडसू," ते म्हणाले.

हळू वाजवलाही. एका बाजूला बोटं, दुसऱ्या बाजूला काठी नुसती टेकवून. साहेबाने मान हलवली. असा नको, खरा पाहिजे. त्याने डोळे मिटले. सासऱ्यांनी काठी उचलली.

तो ठेका दोन जड, एक मोकळा असा चालतो. मोकळ्या जागी ढोल थांबतो, कोणीतरी उत्तर द्यावं म्हणून थांबल्यासारखा. पहिल्यांदा थांबला तेव्हा मी मागे वळून रामसिंगच्या छातीकडे पाहिलं. हलत होती. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा पुन्हा पाहिलं. पुढे मी अंगणाकडे पाहिलंच नाही.

वाजवून झालं. रतिलालने गोळ्या आणून माझ्या हातावर ठेवल्या आणि मी एक रामसिंगच्या तोंडात घातली. तोवर समोरच्या डोंगरावरून माणसं उतरायला लागली होती. भर दुपारी, रांगेने. बायकांनी केस मोकळे सोडले होते. साहेबाला वाटलं, ढोल ऐकून लोक ऐकायलाच आले. तो उठून उभा राहिला आणि हसून त्यांच्यापुढे वाकला.

सर्वांत पुढे फुलीबाई, सासऱ्यांची बहीण. खांद्यावर मढ्यावर घालायचं कोरं कापड, पदरात ज्वारी. घरात आम्ही आमची पावरी भाषाच बोलायचो. तिचं बोलणं इथे मराठीत लिहिते.

"कोण गेलं, दादा? कोण गेलं?"

फुलीबाई त्यांना ओलांडून दारात आली. आत अंधार. खाटेवर पांघरुणाखाली रामसिंग. घाम फुटून तो तेव्हा अगदी निपचित पडला होता.

तिने कपाळावर हात मारला आणि श्वास भरून घेतला. "अरे माझ्या रा..."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. म्हातारी चावली मला, पण मी हात सोडला नाही.

"जिवंत आहे, आत्या! नाव घेऊ नका! जिवंत आहे!"

तिने पांघरूण बाजूला केलं, त्याच्या नाकाशी बोट धरलं. मग ती बाहेर गेली. तिचा आवाज बदलला होता.

"मग ढोल कोणासाठी वाजवलास?"

"साहेबाला ऐकायचा होता."

एक मूल रडायला लागलं तर आईने त्याला पदराखाली घेतलं.

"दादा, आम्ही आलोय," फुलीबाई म्हणाली. "कापड आणलंय. असं परत न्यायचं नसतं. तू नाव दिलं नाहीस तर मरण घरात शिरून आपलं आपण नाव घेईल. आणि घरात कोण पडलंय ते तुला दिसतंय."

रतिलालने साहेबाची पेटी उचलली होती. "चाला सायेब, चाला," तो पुटपुटत होता.

सासऱ्यांनी काठी ढोलावर आडवी ठेवली.

"वेस्ता," ते म्हणाले.

"काय वेस्ता?"

"वेस्ता गेला. रडा."

"थट्टा करतोस?"

"मेलेला कुठे थट्टा करतो, फुली?"

फुलीबाईने ते कोरं कापड उघडलं, भावाच्या डोक्यावरून पांघरलं, आणि त्याच्या पुढ्यात बसून त्याचं नाव घेऊन रडली. सगळे रडले. कापडाखाली सासरे ताठ बसून होते. साहेबाने टोपी काढून छातीशी धरली. त्याला काय कळलं ते मला माहीत नाही. पण त्याने पुन्हा कागद काढला नाही.

रामसिंग उठला. गोळ्यांनी की नावाने, हे आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही.

त्यानंतर सासरे घरात मेलेल्या माणसासारखे राहिले. त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. वाडवडिलांसाठी ठेवतात तशी त्यांची भाकर मी अंगणाच्या कडेला ठेवायची, मग ते येऊन खायचे. रमिलाला मुलगा झाला तेव्हा त्यांनी तो कुडाबाहेर उभं राहून पाहिला. कधी लहर आली तर मला म्हणायचे, "पोरी, मेल्याला चिलीम चालते ना गं?" मी भरून द्यायची. पण मी त्यांना भीत होते. माझ्या पोरांना कसकस आली की आधी धावत जाऊन बघायची, म्हातारा जागेवर आहे ना. तो आपल्या जागी बसलेला असेल तर घरातली मेल्याची जागा भरलेली आहे, असं वाटायचं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता रतिलाल आला. म्हणाला, साहेबाच्या मुलुखात मोठी लढाई पेटली आहे, माणसं किड्यामुंगीसारखी मरताहेत.

सासरे चिलीम ओढत होते. त्यांनी ती खाली ठेवली.

"तो ढोल वाजाडा व्हयी सायेबनी तठे," ते म्हणाले. "शंभर जनसनी मियीसन. आनी नाव कोनी दिनं नसेल."

रतिलाल त्या दिवशी पाणीही न पिता गेला. मी दोन्ही पोरांना आत घेतलं आणि भर दिवसा दार लावलं.

सासरे खरंच गेले तेव्हा ढोल कोणी वाजवला नाही. त्यांचं रडून झालं होतं, दुसऱ्यांदा रडायची रीत नव्हती. फुलीबाई एकटीच आली, रिकाम्या हाताने. रामसिंगने त्यांना अंघोळ घातली. मी पाणी ओतलं.

माझे सासरे वेस्ता सन शेहेचाळीसला, होळीनंतर मोहाची फुलं गळायला लागली तेव्हा, वारले.