घरातली हाक

"जखमा हव्या तेवढ्या खोट्या लाव, पण घरातली हाक तेवढी इथे आणू नकोस," असं जखमावाल्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ती हसली होती. "अहो, हाक काय वापरून झिजते थोडीच?" असं म्हणून तिने मान वर केली, आणि बाईंनी तिच्या गळ्यावर लाल रंगाचा दुसरा हात दिला.

बाई निवृत्त परिचारिका होत्या. आयुष्यभर खऱ्या जखमा बांधल्या आणि आता सरावगावात खोट्या रंगवत होत्या. सरावगाव म्हणजे शहराबाहेरच्या माळावर प्लायवूड आणि पत्रे ठोकून उभी केलेली बावीस घरं. दारं होती, पण कड्या नव्हत्या. दुकान होतं, पण त्यातली फळं फळीवर रंगवलेली. राखीव पलटणीला सीमेवर धाडण्याआधी सहा आठवडे इथे लढाईचा सराव द्यायचा असं ठरलं होतं. गाव म्हटलं की माणसं हवीत, आरडाओरडा हवा, म्हणून आसपासच्या वस्तीतल्या बायाबापड्यांना कामावर घेतलं होतं. कुणी दुकानदार व्हायचं, कुणी म्हातारी, कुणी जखमी. तिच्या वाट्याला जखमी आई आली.

ती आली होती धाकट्या दिरासाठी, तो याच पलटणीत होता. लग्न होऊन ती सासरी आली तेव्हा तो नववीत होता. एवढ्याशा पोराला ती चेष्टेने "भाऊजी, तुम्ही" म्हणायची, आणि सासर हसायचं. ती चेष्टा कायमची झाली. सासूबाई नव्हत्या, भाऊजींचं गणित, त्यांचा ताप, त्यांची पहिली नोकरी, सगळं तिने डोळ्यात तेल घालून पाहिलं होतं. आता ते चोवीस वर्षांचे होते, लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि तिच्या अडीच वर्षांच्या चिमणीचा त्यांच्यावाचून घास उतरत नसे. नवऱ्याची पाणीपुरवठ्यात पाळीची नोकरी. तो घरी यायचा तेव्हा चिमणी झोपलेली असायची. त्यामुळे कढईत काही तडतडत असलं आणि पोरगी कुठे चढली की तिच्या तोंडून एकच निघायचं, "भाऊजी, चिमणीला बघा!" भाऊजी हातातलं टाकून यायचे. एकदा दाढीचा अर्धा फेस तसाच घेऊन आले होते.

राखीव पलटण म्हणजे कोण, तर बेकरीवाला, भूमितीचे मास्तर, दोघे बसचालक, आणि असेच. वर्षातून पंधरा दिवस कवायत करणारी माणसं. त्यांना शिकवायला आलेला उस्ताद तोंडाने फटकळ होता.

"मास्तर, बंदूक आहे ती, कंपास नाही. कोन नंतर मोजा."

"साहेब, कोन चुकला तर गोळीही चुकते," मास्तर म्हणायचे, आणि घामाघूम झालेली पलटण हसायची.

सरावाचा नियम सोपा होता. पांढऱ्या पट्टीवाला पंच ज्याच्या पाठीवर खडूने फुली मारील, तो मेला. मेलेल्याने शिट्टी होईपर्यंत आडवं पडायचं. आणि मग उस्तादाची खास रीत. मेलेल्याने संध्याकाळी स्वतःच्या हाताने स्वतःच्या मृत्यूची खबर देणारा कागद भरायचा. नाव, हुद्दा, कशाने मेला, आणि शेवटचा रकाना, जवळचं माणूस. "चार वेळा भरलात की हात थरथरतो. थरथरला की डोकं चालायला लागतं," असं उस्तादाचं म्हणणं.

भाऊजींनी पहिल्या चार आठवड्यांत अकरा कागद भरले. प्रत्येकावर शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता. वहिनी.

ते मरायचे ते एकाच कारणाने. कुठूनही रडणं ऐकू आलं की ते धावायचे. लिफ्टच्या कामात त्यांच्या मुकादमाने शिकवलं होतं, आत कुणी अडकलं असेल तर आधी त्याच्याशी बोलायचं, हत्यारं मग काढायची. ती सवय हाडात मुरलेली. इथे मात्र रडणाऱ्या माणसाच्या आसपासच बंदूकवाला लपलेला असायचा. आधी खिडकी बघायची, मग छप्पर, मग दार, आणि रडणाऱ्याकडे सगळ्यात शेवटी, हा धडा उस्तादाने घोकून घेतला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"हा एकटा मरत नाही हो," उस्ताद एकदा तिच्यादेखत पंचाला म्हणाला. "मागून धावणारे सातजण घेऊन मरतो."

पाचव्या आठवड्यात ती स्वतःहून उस्तादाच्या तंबूत गेली. कॉलेजात मानसशास्त्र शिकली होती ती. सवय कशी लागते आणि कशी मोडते यावर तिने बारा पानांचा निबंध लिहिला होता, त्याला बक्षीसही मिळालं होतं. "पुढच्या सरावात त्यांना मी घरातली हाक मारते," ती म्हणाली.

"तुम्ही त्यांच्या कोण?" उस्तादाने विचारलं.

"वहिनी."

"म्हणजे कागदावरची. मग तुम्ही हाक मारलीत तर तो आंधळ्यासारखा धावेल."

"तेच म्हणते मी. जगात एक हाक अशी आहे की ती ऐकून ते धावायचे थांबणार नाहीत. ती ऐकून थांबायला शिकले, तर मग कुठल्याही रडण्याला थांबतील."

उस्तादाने समोरची वही मिटली. "घरी भांडण होईल तुमचं."

"होऊ दे. भांडायला माणूस तर राहील."

दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या घराच्या उंबऱ्यात बसली, कुशीत चादरीचं बोचकं घेऊन. पलटण कोपऱ्यावर आली तशी तिने घरच्यासारखी, अगदी ओट्यापाशी उभी असल्यासारखी हाक मारली. "भाऊजी, चिमणीला बघा!"

ते गोळीसारखे आले. बोचकं उलगडून बघितलं, आत चादरच निघाली. वरच्या खिडकीतून फटाका फुटला. पंचाने आठ फुल्या मारल्या. भाऊजी तिच्या पायाशी तासभर उन्हात पडून होते, डोळे उघडे. घरी जाताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "वहिनी, हे नव्हतं करायला पाहिजे."

"जिवंत परत या, मग रुसा," ती म्हणाली.

तिने दुसऱ्या दिवशीही हाक मारली. तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी ते थोडे उशिरा यायचे. चौथ्या दिवशी ते कोपऱ्यावर थबकले. जबडा आवळलेला. डोळे खिडकीवर गेले, छपरावर गेले, दारावर गेले. ती घसा फोडून ओरडत होती आणि ते तिच्या अंगावरून, जणू उंबऱ्यात दगड पडलाय अशा बेताने, पाय टाकून पुढे गेले. मागचे सातही गेले. त्या दिवशी कुणी मेलं नाही. उस्तादाने लांबून अंगठा दाखवला.

बाई कापसाने तिच्या गळ्यावरचा रंग पुसत होत्या. "जमलं?"

"जमलं. जगतील आता ते."

बाई रंग निघाला तरी कापूस फिरवत राहिल्या.

निघण्याआधी पलटणीला दोन दिवस सुट्टी दिली. पहिल्या दिवशी सकाळी भाऊजी बाहेरच्या खोलीत बुटांच्या नाड्या ओवत बसले होते. त्यांची पत्र्याची ट्रंक खोलीच्या मधोमध, झाकण उघडं. ती आतल्या खोलीत शिडीवर चढून माळ्यावरून गरम पांघरुणांचं गाठोडं काढत होती. गाठोडं डोक्यावर आलं, दोन्ही हात अडकले, आणि दारातून तिला दिसलं, चिमणी खुर्चीवर, खुर्चीवरून खिडकीच्या कठड्यावर चढतेय.

"भाऊजी, चिमणीला बघा!"

ते उठले, हे तिने पाहिलं. "भाऊजी! अहो भाऊजी!" तीन हाका झाल्या. गाठोडं टाकून ती शिडीवरून उतरली, अर्धी घसरलीच, तोवर खुर्ची कलंडली होती. चिमणी आतल्या बाजूला पडली, हे नशीब. पण ट्रंकेच्या झाकणाचा कोपरा कपाळात गेला.

भाऊजी दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभे होते. डोळे समोरच्या इमारतीच्या गच्चीवर. पोरीपासून चार पावलांवर.

त्यांनी खाली बघितलं ते चिमणी रडायला लागल्यावर नाही. रडायची थांबून तिने "काका" म्हटलं तेव्हा.

तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, वरवरचं आहे, आठ दिवसांत खेळायला लागेल. दवाखान्याच्या बाकावर भाऊजी हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते, लिफ्टच्या ग्रीसने कायमची काळी झालेली नखं बघत.

"मी आधी समोरची खिडकी बघितली, वहिनी," ते म्हणाले. "मग छप्पर. मला हाक ऐकू आली होती. स्पष्ट ऐकू आली होती."

"तुमचा दोष नाही. मी शिकवलं तुम्हाला."

"मला ती खोटी वाटली असती तर बरं. खरी की खोटी, हा विचारच आला नाही."

ती खूप काही बोलली. चूक आपली, अक्कल आपली, त्या बाईंनी सांगितलं होतं तेही बोलली. शब्द त्यांच्यावरून घरंगळत होते. घरी आल्यावर त्यांनी चिमणीला उचललं नाही. ती "काका, घे" म्हणत पायाला बिलगली, तर हळूच तिचे हात सोडवून तिला आईकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रक आला आणि ते गेले. बेकरीवाला ट्रकमधून म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका, आता आमचा सगळ्यात हुशार गडी तोच." तिने मान हलवली.

त्यांच्या उशीखाली तिला मृत्यूच्या खबरीचा तसाच एक कागद सापडला. हा कुणी भरायला सांगितला नव्हता. नाव भरलेलं, हुद्दा भरलेला. कशाने मेला, कोरं. जवळचं माणूस, तिथे वहिनी लिहून खोडलेलं, आणि पुढे काही नाही.

याला आता पाच महिने झाले. फोन नाही, पत्र नाही. नवऱ्याने कचेरीत चौकशी केली, तिथले म्हणतात पलटण सुखरूप आहे, सीमेऐवजी पूल आणि पाण्याच्या टाक्या राखायला चारचारजण वेगवेगळ्या गावी वाटून दिलेत, कुठे ते सांगता येणार नाही. चिमणीच्या कपाळावर तांदळाएवढा व्रण राहिलाय. परवा तिने खुर्चीवर चढून "काका, बघा" अशी हाक मारली आणि दाराकडे बघत वाट पाहत राहिली. आईने तिला उतरवून घेतलं.

म्हणून हे वाचणाऱ्यांना तिचं एक सांगणं आहे. तुमच्या गावाच्या पुलावर, टाकीपाशी जर पहाऱ्याला माणसं असतील, आणि त्यांतल्या एकाची नखं काळी असतील, येताजाता जो आधी खिडक्या बघत असेल, तर त्याच्यापाशी जरा जा. लांबून हाक मारू नका, हाकेला तो यायचा नाही. समोरून जा, हात दिसतील असे जा. जेवलात का विचारा. टाके निघाले म्हणावं, पोरगी पळते आता. आणि तो कसा दिसतो, ते कुणाच्या तरी हाती तिला कळवा.