आरशातला चांद

नसीरने यंत्रावर हनुवटी टेकवली. डॉक्टरीणबाईंनी उजेडाची बारीक रेघ त्याच्या लाल डोळ्यात सोडली.

“भट्टीचा धूर हाय, मॅडम. लोणावळ्यात चिक्की लाटतो, वीस वर्षं झाली.”

“धूर दोन्ही डोळ्यांना लागतो. तुमचा एकच लाल आहे, आणि तोही तिसऱ्यांदा. सूज आत आहे.” त्यांनी दिवा बाजूला केला. “सकाळी उठताना कंबर आखडते?”

डोळ्याचा कंबरेशी काय संबंध, ते त्याला कळलं नाही.

“अर्धा-पाऊण तास. कामाला लागलो की सुटती. आमच्यात कंबर जातीच. अब्बांची तर पार कमान झालती.”

भट्टीवर त्या कमानीला मान होता. कुणी नवखा ताठ उभा राहून लाटायला लागला की जुनी माणसं म्हणत, कंबर मोडल्याबिगर गूळ वश व्हत न्हाई. अब्बांना शेवटी मान वर करता येईना. ईदच्या आदल्या सांजेला अम्मी अंगणात आरसा धरायची. अब्बा खाली बघून चांद बघायचे.

“हा कामाचा वाक नसावा,” डॉक्टर म्हणाल्या. “मणके सुजून एकमेकांना जुळत जातात, असा आजार असतो. कधीकधी डोळा आधी सांगतो. रक्त तपासू, कंबरेचा फोटो काढू. वेळेत कळलं तर औषध आहे. घरात आणखी कुणाला त्रास?”

“न्हाई.”

तपासणीच्या थेंबांनी नजर भुरकट झाली होती. तळेगावहून घरी येईपर्यंत त्याला काहीच वाटलं नाही. बायकोनं, मदिनानं, विचारलं, तेव्हा त्यानं थेंबाची बाटली फळीवर ठेवली आणि जेवायला बसला.

सकाळी मदिना ओट्याजवळून रोजच्यासारखी ओरडली.

“नवाबाची बेटी उठली का? एकोणीस वर्षांची घोडी, भिंत धरून उठती!”

“उठते ना, अम्मी. जरा कळ काढ.”

नसीर दारात थांबला. गुलनाज अंथरुणावर बसली होती. एक हात भिंतीला, एक कंबरेला.

“गुलनाज, वर बघ.”

“काय हाय?”

“बघ तर.”

तिनं मान मागं टाकली.

“काय न्हाई, अब्बा. पंख्याला जाळं हाय.”

“व्हय,” तो म्हणाला.

पंख्यापर्यंत त्याची मान पोचत नव्हती.

“सावकाश उठ,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “आज माझ्यासंगं तळेगावला चल.”