पुसूनही न गेलेला डाग

रविवारची जेवणं आटोपली की सुवर्णा काशाची वाटी काढायची. संजय सोफ्यावर आडवा, समोर टीव्ही, खाली जुना टॉवेल आणि त्याचे पाय तिच्या मांडीवर. अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्या घरात बाहेर बर्फ असो की ऊन, हा नेम चुकत नसे. तळव्याला तूप लावायचं आणि वाटी गोल गोल फिरवायची. फिरता फिरता तूप काळं पडतं. "बघ, किती उष्णता निघाली," असं तिची आई म्हणायची, तीही तेच म्हणायची. मग टिशूनं पुसलं की तळवा लख्ख.

हात चालायचा तशी ओवीही चालायची, आईच्याच चालीत.

वाटी बाई फिरू दे गं, तूप तळव्यात जिरू दे
माझ्या सख्याच्या पायाचा, शीण उंबऱ्यात उरू दे

त्या रविवारी डाव्या टाचेच्या कडेला थोडं काळं राहिलं. तिनं टिशू ओला करून घासलं. तरी राहिलं. उन्हाळ्यातही तिला ते दिसलं होतं, पण टाचेच्या भेगेत वाटीचं काळं अडकलं असेल म्हणून तिनं सोडून दिलं होतं. आता तिथे भेग नव्हती. तेव्हा मसुरीच्या डाळीएवढं होतं, आता वालाएवढं झालं होतं. एक कड गडद, दुसरी पुसट, मधेच करडं. ओल्या कागदावर शाई पसरावी तसं.

"संजय, हे निघत नाहीये."

"मग तीळ असेल. तळपायाला तीळ असला की माणूस परदेशी जातो. आई सांगायची."

"आई सांगायची तेव्हा होता का?"

"नव्हता."

"म्हणजे परदेशी येऊन पंचवीस वर्षं झाल्यावर उगवला? विमान चुकलं वाटतं त्याचं."

तो हसला. ती हसली नाही. "डॉक्टरला दाखवू."

"स्किन कॅन्सर गोऱ्यांना होतो गं. बीचवर लोळतात ते. मी घर, गाडी, ऑफिस. माझ्या टाचेनं ऊन पाहिलंय का कधी?"

सोमवारी तिनंच त्वचेच्या डॉक्टरांकडे फोन लावला. तारीख तीन महिन्यांनंतरची मिळत होती. "डाग बदलतोय, वाढतोय," असं तिनं सांगितल्यावर पलीकडची बाई थांबली. कुणीतरी कॅन्सल केलेली गुरुवारची वेळ तिनं देऊ केली.

"गुरुवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे यार. पुढची घे," संजय म्हणाला.

सुवर्णा उठली. तिनं काशाची वाटी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, पुरणयंत्राच्या मागे ठेवली.

"हे काय?"

"तू पाय दाखवलास की काढीन."

गुरुवारी तो गेला.

डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या, शांत. डोळ्याला भिंग लावून त्यांनी टाच बराच वेळ पाहिली. मग दुसरा मोजा काढायला सांगितला. बोटांच्या बेचक्या, नखं, तळहात, सगळं पाहिलं. संजयनं त्यांनाही उन्हाचं ऐकवलं.

"तुमच्या रंगामुळे उन्हापासून बराच बचाव होतो, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण त्वचेला रंग देणाऱ्या पेशी सगळ्यांनाच असतात, तळव्यालाही आणि नखाखालीही. मेलॅनोमा त्याच पेशींचा कॅन्सर. तळव्यावरच्याचं उन्हाशी फारसं देणंघेणं नसतं. सावळ्या माणसांत तो बहुतेकदा अशाच जागी सापडतो, आणि उशिरा सापडतो. तळव्याकडे बघतं कोण?"

संजयनं सुवर्णाकडे बोट दाखवलं. "ही बघते. दर रविवारी."

"छान. आणि यांच्या तळव्यांकडे?"

सुवर्णानं आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

टाच बधिर करून त्यांनी तुकडा तपासायला घेतला. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. डॉक्टरांचा फोन येण्याआधीच तो दवाखान्याच्या ऑनलाइन पोर्टलवर येऊन पडला होता. संध्याकाळी गॅरेजचं दार वाजलं, पण संजय आत आला नाही. सुवर्णा बघायला गेली. तो गाडीतच बसला होता, हातात फोन. ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"मेलॅनोमाच आहे," तो म्हणाला. "जाडी लिहिलीय. एक मिलिमीटरला जरा कमी. चांगलं की वाईट, कळत नाही."

"उद्या विचारू."

"अबोलीला सांगू नको इतक्यात. परीक्षा आहे लेकीची."

"बरं."

"सुवर्णा, मी तो डाग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसाच ठेवला असता."

तिनं त्याचा हात धरला. गॅरेजचा दिवा आपोआप विझला, तरी दोघं तशीच बसून राहिली.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी समजावलं. जाडी कमी आहे, हे चांगलं. पण डागाच्या भोवतीची चांगली कातडीही काढावी लागेल, आणि जांघेत सगळ्यांनाच लसिकाग्रंथींच्या गाठी असतात, त्यातली एक काढून तपासावी लागेल. कॅन्सर पायातून निघाला असेल, तर बहुधा आधी तिथे पोचतो.

ऑपरेशन झालं. मांडीची कातडी टाचेला लावली. पाय उशीवर ठेवून संजयनं कितीतरी दिवस काढले. गाठीचा रिपोर्ट यायचा होता तोवर तो टीव्ही लावायचा, पण बघायचा नाही. फोन आला तेव्हा त्यानं तो सुवर्णाच्या हातात दिला. तिनं ऐकलं, दोनदा "थँक यू" म्हटलं आणि मग ओट्याला टेकून रडली.

"काय म्हणाल्या? अगं, बोल ना!"

"स्वच्छ आहे. गाठीत काही नाही. पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं."

संजय चालायला लागला, थोडा लंगडत. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यानं स्टुलावर न चढता, हात उंचावून वाटी काढली. जुना टॉवेल सोफ्यासमोर पसरला.

"अजून टाचेला घासायचं नाही हं. जखम ओली आहे."

"माझ्यासाठी नाही. बस तू. पाय दे."

"वेडा झालास का? माझे पाय तू धरणार?"

"डॉक्टरबाईंनी विचारलं होतं. उत्तर द्यायचं राहिलंय."

ती बसली, अवघडून, साडी असती तर पदर सावरावा तशी टी-शर्ट ओढत. तिचे तळवे त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिले. जोडव्यांखालची जागा, बोटांच्या बेचक्या, नखं. मग तूप लावून वाटी फिरवू लागला, उलटीसुलटी.

"वाटी बाई फिरू दे गं... पुढे काय?"

"तूप तळव्यात जिरू दे. आणि जरा हळू, भांडी नाही घासत आहेस."

तूप काळं पडलं. त्यानं टिशूनं पुसलं, टेबललॅम्प जवळ ओढला आणि पुन्हा पाहिलं. मग तो काळा टिशू तिच्यासमोर धरला.

"सगळं निघालं," तो म्हणाला. "दुसरा पाय दे."