जास्तीचा आकडा

वालूरच्या नर्मदाबाईंचा साधा हिशेब होता. आकडा जितका मोठा तितकं चांगलं, मग ते म्हशीचं दूध असो, कापसाचा उतारा असो की नातेवाइकांच्या पोरांचे दहावीचे मार्क. सून निकिताला लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं, म्हणून परभणीच्या एका दवाखान्यात टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार सुरू व्हायचे होते. तिथं डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघून अंड्यांच्या साठ्याचा आकडा फारच जास्त आलाय म्हटल्याबरोबर नर्मदाबाईंची मान ताठ झाली. सून पहिल्याच परीक्षेत पहिली आली, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

डॉक्टरीणबाई पुढंही बोलत होत्या. हा आकडा मोठा असला की इंजेक्शनं अंगाला जरा जास्तच लागू पडतात, अंडी भाराभर तयार होतात, मग पोटात पाणी साठतं आणि रक्त घट्ट होतं. हा त्रास कोणाला होऊ शकतो ते रक्तावरून आधीच कळतं, म्हणून तर तपासायचं. निकिताला त्यांनी इंजेक्शनं बेतानंच दिली, तरी पुढच्या तपासणीत रक्तातल्या हार्मोनचा आकडाही चढलेलाच निघाला. तेव्हा त्यांनी अंडी काढून घेतली, त्यांचे गर्भ करून दवाखान्यातच गोठवून ठेवले आणि या महिन्यात पोटात काही सोडायचं नाही असं बजावलं. पोट तटतटलं, लघवी कमी झाली किंवा दम लागला, तर तडक निघून यायचं. निकितानं सगळं नीट ऐकलं. नर्मदाबाईंनी सोयीचं तेवढं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर सुनेच्या रक्ताचं कौतुक सांगितलं.

त्याच आठवड्यात निकिताचं पोट दिसायला लागलं. शेजारच्या कमलबाई विरजण मागायला आल्या होत्या. बाईची चाल बघून दिवस गेलेले ओळखण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या निकिताकडं त्यांनी एकदा बघितलं आणि नर्मदाबाईंच्या कानाशी लागून गोड बातमी सांगितली.

आता गर्भ परभणीत गोठवलेले आहेत, इथं पोटात काही नाही, हे नर्मदाबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण मन मोठं लबाड. देव काय डॉक्टरांना विचारून देतो का, असं म्हणत त्यांनी पोखर्णीच्या नरसिंहाला नवससुद्धा बोलून टाकला. निकिताच्या हातातली घागर काढून घेतली. तुपातला शिरा तिच्यापुढं ठेवला. तिला दोन घास जात नव्हते, तरी ती सासूकडं बघून हसायची.

एका सकाळी निकितानं हळूच विचारलं, परभणीला जाऊन येऊ का? नर्मदाबाईंनी साफ नाही म्हटलं. पहिल्या तीन महिन्यांत बाईमाणसानं जीपचे धक्के खायचे नसतात, हा त्यांच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम. बालाजीला, म्हणजे निकिताच्या नवऱ्याला, आईनं सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि तो सेलूला आपल्या मोबाईलच्या दुकानावर निघून गेला.

दुपारी त्या चहा घेऊन खोलीत गेल्या, तर निकिता भिंतीला टेकून बसलेली. ओठ सुकलेले.

"झोपली का न्हाईस?"

"आडवं झालं की दम लागायलाय, आत्याबाई. सकाळपासून लघवीबी झाली न्हाई."

"मग बोलली का न्हाईस, बाई?"

"बोलणार होते. पण तुमी लय खूश होतात. सहा वर्षांत तुमाला असं बघितलंच न्हाई."

नर्मदाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. पोरीनं आपल्या आनंदापायी जीव टांगणीला लावला होता, आणि आपण तिला शिरा चारत बसलो होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी बालाजीला फोन लावला आणि काही न सांगता फक्त जीप घेऊन ये म्हटलं.

जीप दारात आली तशी गल्ली गोळा झाली. कमलबाई सगळ्यांच्या पुढं. अशा अवस्थेत सुनेला जीपमध्ये घालायचं म्हणजे हाती आलेलं घालवायचं, असं त्यांनी चारचौघींत सुनावलं. सगळ्या बाया नर्मदाबाईंकडं बघायला लागल्या. काहीतरी थाप मारून वेळ निभावता आली असती, आणि थापा मारायला नर्मदाबाई कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या.

"दिवस गेले न्हाईत, कमलबाई. पोटात पाणी झालंय," त्या म्हणाल्या. "मला ठाव होतं, तरी मीच आशेपायी गप बसले. सरका आता."

वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला त्यांनी निकिताला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

दवाखान्यात पुन्हा रक्त तपासलं, ते घट्ट झालेलं निघालं. सलाईन लागलं, सुईनं पोटातलं पाणी काढलं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, एवढंच बोलून डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटकडं वळल्या, आणि नर्मदाबाईंना त्या रागावल्या असत्या तर बरं असं वाटलं. पण पोरगी काटक. हळूहळू पोट उतरलं, तोंडाला चव आली, आणि चार्जर घरी विसरल्यावरून ती बालाजीशी भांडायला लागली, तेव्हा नर्मदाबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भ सुरक्षित आहेत, काही काळजी नाही. अंग पूर्ण सावरलं की पुढचं बघू, मग केव्हा यायचं? सवयीप्रमाणं त्यांनी हे नर्मदाबाईंनाच विचारलं. आतापर्यंत सगळी बोलणी त्याच करत आल्या होत्या.

"माझ्याकडं काय बघता? तिला इचारा."

निकितानं थोडा विचार केला. मग म्हणाली, "दिवाळी होऊ द्या."

दिवाळी अजून लांब होती. नर्मदाबाईंना ते लागलं, खोटं कशाला सांगा. पण निकिताची पिशवी उचलून त्या पुढं झाल्या, जीपमध्ये तिच्यासाठी खिडकीची जागा धरायला.