बांगडीएवढा गोल

नर्मदाबाईंना वाचता येत असे, पण फक्त नवऱ्याचं अक्षर. पेपर पुढे धरला तर त्या तोंड फिरवत. पेपरातली अक्षरं कुठे जाड, कुठे बारीक. असल्या नखरेल मंडळींशी त्यांचं कधी जमलं नाही.

पुंडलिकरावांचं अक्षर सरळ होतं. ते फॅक्टरीत पेट्यांवर नावं रंगवत. पेटी लांबून, अंधुक उजेडातही वाचता यायला हवी, म्हणून सगळ्या रेघा एकाच जाडीच्या आणि गोल म्हणजे अगदी गोल. वेलबुट्टीचं नाव नाही. सुट्टी झाली की तीच अक्षरं ते बाजारातल्या पाट्यांवर काढत. गोलासाठी कंपास होता, तरी त्यांना बायकोची बांगडीच हाताला बरी वाटे. घरी आले की रॉकेलनं हाताचा रंग पुसता पुसता आधी विचारत, "जेवली का?" ती कधीच जेवलेली नसे.

बायकोला शिकवलं तेही त्याच बांगडीवर. "हा तुझ्या बांगडीचा गोल. याले दांडा दिला, की झाला व."

मग काय, घमापुरातल्या घरापासून सराफ्याच्या बाजारापर्यंत नर्मदाबाई पाट्या वाचत चालायच्या. शहर हिंदी मुलखातलं, म्हणून वस्त्र भंडार, बर्तन भंडार, सगळं हिंदी. एखाद्या जोडाक्षराशी त्या अडल्या की पुंडलिकराव भर रस्त्यात, सायकलींच्या घंट्या ऐकत, थांबून राहत. त्या दिवसांची सर पुढे कशालाच आली नाही.

पुंडलिकराव गेले. नंतर फ्लेक्स आले, सावल्या पाडलेल्या झुलत्या अक्षरांचे. एकेक पाटी उतरली, तसतशी नर्मदाबाईंची वाचायची जागा कमी होत गेली. यंदा सराफ्यातली शेवटची पाटीही निघाली. घरी येऊन त्यांनी नागपूरला लेकीला फोन लावला.

"हेमा, मी पुन्हा अडाणी झाली वो."

हेमलता छपाईची अक्षरं घडवण्याचं काम करी. दिवाळीला आली ती एक कागद घेऊनच. बाबांच्या पाट्यांचे जुने फोटो जमवून तिनं त्यांची अक्षरं कॉम्प्युटरवर बसवली होती. जी कुठल्याच पाटीवर सापडली नाहीत, ती त्याच गोलातून नि त्याच रेघेतून घडवली होती. आता यात काहीही छापता येईल, असं ती म्हणाली.

नर्मदाबाईंनी चष्मा पुसला. मोठ्या अक्षरांत दोनच शब्द होते. अक्षर बघून त्यांचा चेहरा उजळला.

"कोणाचं दुकान आहे हे?"

"दुकान नाही आई. वाच तर."

त्यांनी बोट ठेवलं. ज. मग व, बांगडीचा गोल. आयुष्यभर त्यांनी दुकानांची नावंच वाचली होती. अक्षरांनी त्यांना स्वतःला काही विचारलं नव्हतं. जेवली का?

त्यांचं बोट तिथंच राहिलं. डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"नाही जी," त्या कागदाला म्हणाल्या. "तुम्ही हात धुवा, मी वाढते."